कट म्हटल्यावर

बाबगोंडा चौगुले, मूळ गाव अब्दुललाट.
डोळे घारे, नाक धारेचं, कातडी उन्हानं रापलेली.
डोळ्यांवर त्याला काम मिळालं,
कातडीचं मी बघून घेतलं.

पहाटे मंगळवार पेठेतनं सायकलवर यायचा,
हँडलला पितळी डबा.
माझ्यासमोर खुर्चीत बसून म्हणायचा,
"रंगव बाबा. विलायतेला सोड."
गळ्यापर्यंत गोरा. मनगटापर्यंत गोरा.
लाल डगल्याच्या आत
शाळवाच्या रानातला माणूस तसाच.

कलेक्टर झाला, कर्नल झाला, जेलर झाला,
एकदा पाद्री, तेही पावसानं रद्द.
इंग्रजीतलं 'फायर' तेवढं यायचं,
बाकी सगळं मराठीच, त ला ट लावून :
"टुमी लोक फार माजलाट.
टुमाला टोफेच्या टोंडी डेऊ."
सेटवर पोरं खुसखुसायची. तो नाही.
तो रंग उतरवताना मलाच विचारायचा,
"आज माणूस वाटलो का रे,
का नुसता इंग्रज?"
मी खोबरेल तेलाचा बोळा फिरवत राहायचो.

सव्वीस वेळा मेला.
भाल्यानं, बंदुकीनं, एकदा विहिरीत,
एकदा नायिकेच्या वरवंट्यानं.
शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर,
आणि तिसऱ्या रांगेत त्याची पद्मावती
पदर तोंडाला लावून बसलेली,
हसत होती की काय, अंधारात कळलं नाही.
पाटीवर नाव शेवटी, 'आणि इतर'च्या जरा वर :
बी. चौगले.
उकाराचे पैसे कापले, म्हणायचा.

जैनाचा पोर. दिवस मावळला
की तोंडात पाण्याचा थेंब नाही.
आणि कामं ही असली : मेजवानी, पेला, कोंबडीची तंगडी.
तंगडी आम्ही दुधी भोपळ्याची कोरायचो,
वर हळद-तिखटाचा हात.
व्हिस्की म्हणजे कोरा चहा.
दिवसा चालून जायचं. रात्रीचं शूटिंग असलं
की तो घोट घ्यायचा, गालात धरायचा,
डोळे असे मिटायचा
की दिग्दर्शकालाच चढावी,
आणि कट म्हटल्यावर वळायचा माझ्याकडं.
मी पडद्यामागं तस्त धरून उभा.
"कुणाला सांगू नको," म्हणायचा,
"नटाला शोभत नाही हे."

मग खरेच गोरे यायला लागले,
कुलाब्याहून रोजावर धरून आणलेले,
पाठीला पिशव्या, पायात चपला.
त्यांना रंगवावं लागत नाही.
त्याचं काम गेलं, माझं निम्मं.
संध्याकाळी रंकाळ्यावर बाकड्यावर दिसायचा,
भेळवाला सलाम ठोकायचा,
"साहेब, टिखट का गोड?"
"टिखट," हा म्हणायचा, कडक आवाजात,
आणि बांधून घ्यायचा, नातवंडांसाठी.

अर्धांग झालं, सीपीआरला भरती केलं.
उजवी बाजू गेलेली, जीभ जड.
मला बघून म्हणाला, "टू आलाश?"
नर्स हसली. पलीकडच्या कॉटवरचा पैलवान हसला.
"साहेब अजून सोडत नाहीत की हो ॲक्टिंग!"
मीपण हसलो.
तेवढं माझ्या खात्यावर आहे.

"टहान," म्हणाला.
खिडकीबाहेर दिवे लागले होते.
नर्सनं चमच्यानं पाणी घातलं.
त्यानं घेतलं, डाव्या गालात धरलं,
डोळे मिटले,
मग उघडले, घारेच,
आणि मान हळूहळू माझ्याकडं वळवली.

कुणी कट म्हटलं नव्हतं.
कॉटखालचं तस्त मी ओढलं.
धरलं.